लारगाबचं बोलतं बर्फ

ती वरची घळ दिसते का? तिकडं नाही हो ताई, तिकडं नुसतं ऊन आहे. डाव्या अंगाला बघा, दोन काळ्या कड्यांच्या मध्ये. मळकट पांढरं काहीतरी अंग चोरून निजल्यासारखं दिसतंय ना, ते. मोठमोठ्या हिमनद्या बघायला तुम्ही सांगली-पुण्याहून एवढा जीव काढत येता, आणि हिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. फोटोतसुद्धा धड येत नाही ती. पण लारगाब गावातली सातूची शेतं, ही जर्दाळूची झाडं, तुमच्या हातातला चहा, सगळं तिच्याच पाण्यावर चालतं. आणि ती आपोआप झालेली नाही. माणसांनी लावलेली आहे, रोप लावतात तशी. हसा, हसा. आमच्याकडं बर्फ लावतात.

उद्या तुम्ही वर कार्पोकडं निघाल, म्हणजे त्या मोठ्या पांढऱ्या हिमनदीकडं. इतर गावांचे वाटाडे सांगतात, बर्फावर तोंड बंद ठेवा. लारगाबचा वाटाड्या उलटं सांगेल. बोलत राहा. दम लागला तरी बोला, भांडलात तरी चालेल. रांगेत जो शेवटचा असेल त्यानं तर तोंड मिटायचंच नाही. तो थांबला की अख्खी रांग जागच्या जागी थांबते. वेडेपणा वाटतो ना? तुमच्यापुढं बसलेल्या या म्हाताऱ्यानं उमेदीची सगळी वर्षं खेचरांवर सामान लादून साताऱ्याकडच्या पलटणीला वर पोचवलं, मराठी तिथंच तोंडात बसली. ते जवानही पहिल्या दिवशी असंच हसायचे. गोष्ट ऐकली की बोलत चालायचे. बसा नीट. चहा निवेल, तेवढा पिऊन घ्या.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते कुणालाच माहीत नाही. इथले मेमे, म्हणजे आजोबा, आपल्या मेमेंकडून ऐकलेलं सांगायचे. तेव्हा त्या घळीत बर्फ नव्हतं. गावाला एकच ओढा, आणि तोही लहरी. पेरणीच्या दिवसांत ठणठणीत कोरडा, आणि पेरलेलं करपून गेलं की मग भरून वाहायचा. दरवर्षी एखाददुसरं घर कुलूपसुद्धा न लावता खाली मोठ्या नदीकडं निघून जायचं. कुलूप लावायचं कशासाठी, आत होतं काय?

त्या गावात कुंझेस नावाची मुलगी होती. वडील गेलेले, घरात आमा, म्हणजे आई, आणि धाकटा भाऊ गुर्मेत. कुंझेसला काळजी करायची सवयच होती म्हणे. चूल विझवली का, हे बघायला ती अर्ध्या वाटेतून परत यायची. शेळ्या मोजून झाल्या तरी पुन्हा मोजायची. आणि या सगळ्या काळज्यांच्या वर एक मोठी काळजी, ती गुर्मेतची. पोरगा चांगला उंचापुरा गडी झाला होता, पाठ अशी रुंद की दोघांचं ओझं एकटा उचलायचा. पण तोंडाचा पट्टा! सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं. तो बोलायला लागला की याकसुद्धा चरायचं थांबवून बघायचे, असं सांगतात. झोपेतही बोलायचा. आणि कुंझेस दिवसभर एकच म्हणायची, "गप्प बस रे नोनो, जरा गप्प बस." नोनो म्हणजे धाकटा भाऊ. तो हसायचा, चार श्वास गप्प राहायचा, आणि पुन्हा, "बरं आचे, एक सांगू का?" आचे म्हणजे ताई.

तर एका वर्षी सातू इतका बारीक आला की कापणीला विळा लावायचीही लाज वाटावी. तेव्हा पालजोर आजांगनी गाव गोळा केलं. आजांग म्हणजे मामा, पण गावच त्यांना मामा म्हणायचं. ते गावाचे चुरपोन होते, म्हणजे कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं हे ठरवणारा माणूस. त्यांनी सांगितलं, आता दोनच वाटा आहेत. गाव सोडायचं, नाहीतर बर्फ लावायचं.

बर्फ लावायची रीत आमच्या मुलखात जुनी आहे. बर्फातही नर आणि मादी असते. नर काळपट, दगडमातीनं भरलेला, त्यातून पाणी फारसं सुटत नाही. मादी निळसर पांढरी, भरभरून पाणी देणारी. दोन्ही आणायचे, सावलीच्या घळीत शेजारी शेजारी ठेवायचे, वर कोळसा आणि सातूचा भुसा पसरायचा, आणि हिवाळ्याच्या हवाली करायचे. जमलं तर त्यातून नवी हिमनदी वाढते. जमलं तर! कारण आणायचे नियम कडक. एकदा बर्फ पाठीवर घेतलं की ते घळीत ठेवेपर्यंत जमिनीला टेकवायचं नाही. मागं वळून बघायचं नाही. आणि एक अक्षर बोलायचं नाही. माणसाचा आवाज ऐकला की बर्फाला कळतं आपल्याला घरून नेतायत, आणि ते आतल्या आत मरतं, अशी समजूत. मग लावलेलं वाढत नाही, आणि त्या घळीत पुन्हा कधी लावताही येत नाही.

काळं बर्फ जवळच मिळायचं, ते आणायला काही म्हातारे गेले. पांढरं मात्र वर कार्पोच्या डोक्यावरून आणायचं होतं. तिथं पाठीत बळ असलेली माणसं हवीत, आणि अशी माणसं गावात उरली होती किती! स्वतः पालजोर, तारगेस नावाचा एक काटकुळा पण चिवट गडी, आणि गुर्मेत. गुर्मेतचं नाव निघालं आणि सगळं गाव हसलं, मग गप्प झालं. एक म्हातारी म्हणाली, "त्याची पाठ द्या हो, पण तोंड इथंच ठेवून घ्या."

गुर्मेतनं मान खाली घातली. ते कुंझेसनं बघितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मीही जाते, मीही बर्फ उचलते. त्याच्या तोंडाची जबाबदारी माझी."

बोलून बसली, आणि त्या दिवसापासून शेळ्या दोनदाऐवजी चारदा मोजायला लागली. निघायच्या सकाळी गावाच्या वेशीवर आमानं गुर्मेतच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि कुंझेसला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला बोलू देऊ नकोस गं बाई. त्याच्या एका शब्दानं पाणी गेलं, तर या गावात आपल्याला कुणी उभं करणार नाही." कुंझेसनं नुसती मान डोलावली.

वर जाताना बोलायला मुभा होती. गुर्मेतनं ती पुरेपूर वसूल केली. दगडावर बोलला, पाखरावर बोलला, तारगेसच्या बारीक पायांवर तर इतकं बोलला की तारगेस चिडून पुढं निघून गेला. कुंझेसला मात्र हसूही येईना. तिच्या मनात एकच चाललेलं. हा एवढा बोलतोय, हा गप्प कसा राहणार? वर पोचता पोचता तोही जरा गंभीर झाला. म्हणाला, "आचे, अगदीच बोलावंसं वाटलं तर काय करायचं गं?"

"जीभ चावायची."

"आणि तरीही वाटलं तर?"

"तरीही चावायची. गुर्मेत, काही झालं तरी. कळलं ना? काहीही झालं तरी."

"नाही बोलणार," तो म्हणाला. "तुझी शपथ."

कार्पोच्या डोक्यावर त्यांनी निळं बर्फ फोडलं. गवतात आणि लोकरीच्या जुन्या कांबळ्यांत गुंडाळून आपापल्या त्सेप्यात भरलं. त्सेपो म्हणजे आमची पाठीवरची टोपली, अजून घरोघरी आहे, उद्या दाखवायला सांगा. पालजोरनी धूप जाळला, डोंगराला थोडी चांग, म्हणजे सातूची दारू, वाहिली, आणि म्हणाले, "आता शेवटचं काय बोलायचं ते बोलून घ्या." तारगेस म्हणाला, घरी जाऊन गरम थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, पिणार. कुंझेस म्हणाली, सगळे नीट पोचू देत. आणि गुर्मेत? त्याला काही सुचेचना म्हणे! जन्मात पहिल्यांदा. नुसता हसत उभा राहिला.

मग ओझी पाठीवर चढली, आणि चौघांची तोंडं मिटली.

पुढं पालजोर, मग तारगेस, मग कुंझेस, आणि सगळ्यांत मागं गुर्मेत. प्रत्येकाच्या हातात आडव्या मुठीची काठी. दमलं की ती मागं टोपलीखाली टेकवायची आणि उभ्या उभ्याच विसावा घ्यायचा, म्हणजे बर्फ जमिनीला लागत नाही. सुरुवातीची वाट हिमनदीच्या कडेनं दगडांतून होती. काठ्या दगडांवर वाजायच्या, टक् टक्. मागं वळून बघायची सोय नाही, तेव्हा कुंझेसचे कान सगळे मागं लागलेले. गुर्मेतची काठी वाजली की तिला बरं वाटायचं, आणि दुसऱ्याच क्षणी भीती वाटायची, आता बोलेल, आता काहीतरी बोलेल. एकदा तो नकळत गुणगुणायला लागला. नुसतं नाकातल्या नाकात. तिनं काठी दगडावर अशी आपटली की ठिणगी उडावी. गुणगुणणं थांबलं. पालजोरनी ऐकलं की नाही, बर्फानं ऐकलं की नाही, याच विचारानं तिला घाम फुटला. एवढ्या थंडीत घाम!

दगड संपले, तिथं ते काठ्या टेकवून विसाव्याला उभे राहिले. पुढं नव्यानं पडलेल्या बर्फाचा रुंद पट्टा होता, तो ओलांडायचा, मग पुन्हा दगड, आणि तिथून खाली उतार. विसाव्याला गुर्मेत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं तिच्या बाहीला धरून ओढलं. तिनं बघितलं तर तो पायाकडं बोट दाखवत होता, भुवया उडवत होता, ओठ हलवत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. कुंझेसला वाटलं, झालं, आता हा बोलतोय. तिनं चटकन आपला तळहात त्याच्या तोंडावर दाबला. डोळे वटारले. त्यानं पुन्हा पायाकडं बोट केलं. तिनं जोरानं मान हलवली, नाही म्हणजे नाही. तेव्हा त्यानं खांदे पाडले आणि मान डोलावली.

पायात आमचे लोकरीचे बूट असतात, पाबू म्हणतात त्यांना. त्याच्या एका पाबूचा तळ सुटत आला होता. म्हणजे त्याला चालायला वेळ लागणार होता, एवढंच तो सांगत होता. हे कुंझेसला नंतर कळलं, त्याच्याच तोंडून.

मग ते पांढऱ्या पट्ट्यावर उतरले. नव्या बर्फावर काठी वाजत नाही. पाऊलही वाजत नाही. उद्या तुम्हाला दिसेलच, कानात कापूस घातल्यासारखं होतं. कुंझेस चालत होती आणि मागून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आणि बघा माणसाचं मन कसं असतं. तिला हायसं वाटलं! बोलत नाहीये. गुणगुणतही नाहीये. शहाण्यासारखा येतोय माझा नोनो. आज आमाला जाऊन सांगेन, एक अक्षर बोलला नाही म्हणून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची काळजी जरा ढिली पडली, असं सांगतात.

पट्टा संपला. पालजोर दगडांवर चढले, टक् टक्. तारगेस चढला, टक् टक्. कुंझेस चढली, तिची काठी वाजली. ती चार पावलं पुढं गेली आणि कान देऊन थांबली.

चौथी काठी वाजेना.

येईल, तिनं मनाला सांगितलं. मागं राहिला असेल. ती उभीच राहिली. ऊन कड्याआड गेलं, वारा सुटला. तिनं काठी आपटली, एकदा, दोनदा. पुढं पालजोर थांबले, त्यांनीही आपटली. मागून उत्तर नाही. मागं बघायचं नाही, हा नियम. तिची मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी तिनं मागं बघितलं.

पांढऱ्या पट्ट्यावर कुणीच नव्हतं.

ती पाठीवरच्या ओझ्यासकट परत धावली. धावली कसली, धडपडत गेली. पालजोर हातानं खुणा करत होते, थांब, थांब, पण दोघंही तिच्यामागं आलेच. पट्ट्याच्या मध्यावर एक भोक पडलं होतं, सुपाएवढं. खाली निळा अंधार. तिघं आधी त्यावरूनच गेले होते. नव्या बर्फाखाली भेग लपलेली होती; वरच्या ज्या थरानं तिघांना झेललं त्यानं चौथ्याला झेललं नाही. कुंझेस पोटावर पडली, डोकं आत घातलं. काही दिसेना. काठी कडेवर आपटली. आवाजच होईना.

आता फक्त हाक उरली होती.

हाक मारली तर काय जाणार, हे तिला ठाऊक होतं. हिवाळा तोंडावर आलेला, पुन्हा वर येऊन दुसरं बर्फ नेणं होणार नव्हतं. गाव जाणार. आमाचं शेत, खाली नदीकडं न गेलेली उरलीसुरली घरं, सगळ्यांचं पाणी त्या एका हाकेत जाणार, आणि तोंडाची जबाबदारी घेणारी तीच तोंड उघडणार. पालजोर तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी तिला खुणावलं नाही, अडवलंही नाही. नुसते डोळे मिटून घेतले.

"गुर्मेत!" ती ओरडली. "गुर्मेत! नोनो!"

डोंगरानं ती हाक इकडून तिकडं फिरवली. पालजोरनी पाठीवरचा त्सेपो सोडून दिला, तो बर्फावर आपटला. तारगेसनंही सोडला, कुंझेसनंही. आता काय राहिलं होतं जपायला? पण भोकातून उत्तर आलं नाही. ती पुन्हा ओरडली, घसा फुटेस्तोवर ओरडली. खाली सगळं शांत. तारगेस रडायला लागला. मेला असणार, दुसरं काय!

तरी पालजोरनी याकच्या केसांचा दोर आत सोडला. सोडत गेले, सोडत गेले, आणि एकाएकी दोराला झटका बसला. कुणीतरी धरला होता! खाली दोर हलत होता, ओढला जात होता, बांधला जात होता. मग दोन झटके बसले, ओढा म्हणून. तिघांनी जीव खाऊन ओढलं. वजन चांगलं जड होतं. कुंझेस ओढता ओढता हसत होती, रडत होती. "आलास रे, आलास!"

वर आला तो त्सेपो.

नुसती टोपली. कांबळं जसंच्या तसं गुंडाळलेलं, आत बर्फ शाबूत, आणि दोराला गुर्मेतची नेहमीची गाठ. तिघं बघतच राहिले. मग कुंझेसला उमगलं. तो जिवंत होता. पडल्यापासून जिवंत होता. तिच्या सगळ्या हाका त्यानं ऐकल्या होत्या. काही झालं तरी बोलायचं नाही, असं आचेनं सांगितलं होतं, म्हणून तो ओरडला नव्हता, पडतानासुद्धा. आणि दोर आल्यावर आधी बर्फ वर पाठवलं होतं.

"अरे बोल रे!" ती भोकात तोंड घालून किंचाळली. "मोडला नियम, मीच मोडला! आता काही उरलं नाही. बोल, नोनो, माझी शपथ तुला, बोल!"

थोडा वेळ काही नाही. मग खालून, अगदी बारीक आवाज आला.

"आचे, खाली टेकवलं नाही ना?"

टोपली पालजोरच्या मांडीवर होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तेही ओरडले, "नाही रे पोरा, नाही टेकवली! तू बोलत राहा!"

दोर पुन्हा खाली गेला. पण आता गुर्मेतला तो धरता येईना. तो भेगेत छातीपर्यंत अडकला होता, इतका वेळ दोन्ही हातांनी टोपली डोक्यावर धरून उभा होता, आणि तिला गाठ मारण्यात बोटांतला होता नव्हता तो जीव संपला होता. तारगेस काटकुळा, त्याला दोर बांधून आत सोडलं. अर्ध्यात जाऊन तोही अडकला. भेग खाली आणखी अरुंद होत गेलेली. त्याला वर घेतलं. मग कुऱ्हाडीनं कडा फोडायला सुरुवात केली. पालजोर फोडत होते, तारगेस फोडत होता. आणि कुंझेसकडं एकच काम होतं. त्याला बोलतं ठेवायचं.

"बोल, नोनो. पायाला काय झालं होतं?"

तेव्हा त्यानं पाबूचं सांगितलं. "तेच तर सांगत होतो मघाशी."

"आणखी सांग. तारगेसच्या पायांवर बोल."

तो बोलला. तारगेस कुऱ्हाड चालवत रडत हसला. मग तो शेळ्यांवर बोलला, आमाच्या हातच्या ताकावर बोलला, पाणी आल्यावर ओढ्याकाठी जर्दाळूचं झाड लावायचं म्हणाला. मधे मधे थांबायचा. थांबला की कुंझेस ओरडायची. "बोल! थांबू नकोस!" मग पुन्हा आवाज यायचा, आधीपेक्षा हळू, शब्द एकमेकांत अडकलेले. ज्याला आयुष्यभर गप्प बस म्हटलं, त्याच्या एकेका शब्दासाठी ती पदर पसरत होती. कुऱ्हाडी चालत होत्या, कडा फुटत होती, पण बर्फ लोखंडासारखं.

शेवटी तो म्हणाला, "आचे, थंडी गेली गं आता. जरा गप्प बसू का?"

"नको!" ती ओरडली. "नको रे! नको गप्प बसू!"

पण तो गप्प बसला.

त्याला तिथून काढता आलं नाही. कुंझेस किती वेळ त्या भोकाशी बोलत राहिली, हे सांगणारे वेगवेगळं सांगतात. पालजोरनी तिला उचलून बाजूला केलं तेव्हा तिला आवाज उरला नव्हता. ती उठली आणि गुर्मेतचा त्सेपो मागू लागली. पालजोर म्हणाले, "पोरी, या बर्फानं सगळं ऐकलंय. आता हे लागायचं नाही." ती म्हणाली, "ज्याचं आहे त्याला तरी गप्प राहणं कुठं माहीत होतं?" आणि तिनं टोपली पाठीवर चढवली.

आणि म्हणे खाली उतरेपर्यंत ती त्या बर्फाशी बोलत होती. फुटक्या आवाजात, सारखी. ही बघ दरी आली. इथं तू पाखराला हाक मारली होतीस. दम लागलाय मला, पण टेकवणार नाही, घाबरू नकोस. पालजोर आणि तारगेस आधी मान खाली घालून चालत होते. मग तेही बोलायला लागले.

वेशीवर आमा उभी होती. तिनं कुंझेसच्या पाठीवरची गुर्मेतची टोपली ओळखली, आणि मग तिच्या मागची रिकामी वाट बघितली. गावातल्या म्हाताऱ्यांना पालजोरनी सगळं सांगितलं. म्हातारे म्हणाले, ऐकलेलं बर्फ घळीत नको, कायमची घळ जाईल. तेव्हा आमा पुढं झाली. तिनं एवढंच विचारलं, "तो शेवटी काय बोलला?"

कुंझेसनं सांगितलं.

आमा मटकन खाली बसली. मग ती म्हाताऱ्यांना म्हणाली, "माझ्या पोराला मी तोंड बंद ठेवायला लावलं. त्याच्या बर्फाला तरी कुणी गप्प करू नका." म्हातारे बाजूला झाले. काळं बर्फ आधीच आणलेलं होतं. त्याच्या कुशीला गुर्मेतचं ठेवलं, वर कोळसा आणि भुसा घातला, आणि गाव हिवाळ्याला सामोरं गेलं.

पुढचं वर्ष कोरडंच गेलं. लोक कुजबुजायला लागले. कुंझेस रोज घळीपर्यंत चढायची, बर्फाशेजारी बसून गावातल्या बारीकसारीक गोष्टी सांगायची. वेडी झाली, म्हणायचे. त्याच्या पुढच्या वर्षी भुशाखालचं बर्फ उन्हाळ्यातही टिकलं. आणि मग एका पेरणीच्या दिवसांत, ओढा अजून सुकलेला असताना, घळीतून पाण्याची एक बारीक धार खाली उतरली. पालजोर फावडं घेऊन तिच्यापुढं धावले, आणि पहिलं पाणी त्यांनी आमाच्या शेतात सोडलं. बर्फ का वाढलं, ते शास्त्र या म्हाताऱ्याला विचारू नका. घळ सावलीची होती म्हणून असेल. कुंझेस म्हणायची, ते आपल्या माणसांचा आवाज ऐकत आलं, त्याला परकं वाटलंच नाही. बिनबोलण्याचा नियम मात्र लारगाबनं तेव्हापासून सोडला. बाकीची गावं बर्फ आणतात ती मुक्यानं. आमची माणसं बोलत आणतात.

आजही कार्पोवर जाणारी आमची रांग बोलत जाते, आणि सगळ्यांचे कान शेवटच्या माणसाकडं असतात. तेव्हा उद्या लाजू नका, साहेब, तुम्हालाच शेवटी ठेवणार आहोत. काल जेवताना ऐकलंय तुम्हाला.

आणि आजही लारगाबमध्ये कुणी पोराला गप्प बस म्हणत नाही. पोरं कान किटेपर्यंत बोलतात, पूजेत बोलतात, म्हाताऱ्यांच्या बैठकीत मधेच बोलतात, आणि मोठी माणसं त्यांचं संपेपर्यंत थांबतात. पाहुण्यांना वाटतं, काय हे वळण लावलंय! पण एखादं पोर बोलता बोलता मधेच थांबलं ना, तर घरातलं जे कुणी असेल ते हातातलं काम टाकून आधी त्याच्याकडं धावतं.